प्रोफेसर म्हणतात, ‘तुम्हीच पुढे व्हा’

आलेलं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

एक वाचक मूळच्या इचलकरंजीच्या. आता बरीच वर्षं त्या नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनजवळ राहतात. एका डच सहकाऱ्याबरोबर त्यांनी सहा माणसांची कंपनी काढली आहे. कापड रंगवून झालं की ते पुन्हा पुन्हा धुतात. त्या धुण्यांतलं कुठलं पाणी परत वापरता येईल आणि कुठलं थेट प्रक्रियेला पाठवावं, हे वाहत्या पाण्यातच ओळखणारा सेन्सर त्यांनी बनवला आहे. पोर्तुगालमध्ये आवे नदीच्या खोऱ्यातल्या एका डाइंग युनिटमध्ये तो काही महिने चाललाही. आता स्वीडनमधले एक प्राध्यापक युरोपीय संघाच्या होरायझन युरोप ह्या संशोधन-अनुदान कार्यक्रमातल्या एका कॉलसाठी (अर्ज मागवणाऱ्या जाहिरातीसाठी) ७ देशांतल्या १२ संस्थांचा कन्सॉर्शियम, म्हणजे एकत्र अर्ज करणारा गट, जमवत आहेत. मागायचे आहेत ७० लाख युरो, आणि कॉल ‘इनोव्हेशन ॲक्शन’ प्रकारचा, म्हणजे नवं तंत्र प्रत्यक्षात चालवून दाखवणाऱ्या प्रकल्पांसाठीचा, आहे. प्रोफेसर म्हणतात, ‘कोऑर्डिनेटर तुम्हीच व्हा, छोटी कंपनी पुढे असली की चांगलं दिसतं.’ एक सल्लागार प्रपोजल लिहून द्यायला तयार आहे: ५,००० युरो आगाऊ आणि मंजूर रकमेच्या ५ टक्के. इचलकरंजीत दादाचं प्रोसेस हाउस (कापड रंगवण्या-धुण्याचा कारखाना) आहे. कंपनी काढताना त्यानं पैसे दिले होते, आणि ह्या अनुदानातून आपल्याकडेही यंत्रणा बसेल असं तो धरून चालला आहे. नवरा म्हणतो, घराचं कर्ज डोक्यावर असताना हा जुगार नको. कॉल बंद व्हायला अडीच महिने आहेत. त्या विचारतात: हे अनुदान मिळवायचं कसं? भागीदार देश जितके जास्त तितके गुण जास्त, हे खरं का? आणि नाहीच मिळालं तर कंपनी बंद करावी लागेल का?

नमस्कार,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यावर ठरतात. अनुदानावाचून कंपनी बंद पडेल अशी आज स्थिती असेल, तर हे अनुदान तिला वाचवू शकणार नाही. कॉल बंद व्हायला अडीच महिने, निकाल कळायला साधारण पाच, करारावर सह्या व्हायला आणखी तीन. ह्या मुदती अनुदान देणाऱ्या युरोपीय आयोगाच्या स्वतःच्याच आहेत. सगळं सुरळीत झालं तरी पहिले पैसे खात्यात पडायला जवळजवळ वर्ष जातं, आणि होरायझन युरोपमध्ये मोटामोटी सहा प्रस्तावांत एक मंजूर होतो. म्हणजे तुमच्या नवऱ्याचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. अर्ज करणं हा जुगार नव्हे, पण सहा जणांचे पगार त्या अर्जावर लावणं हा नक्कीच आहे. पुढचे बारा-पंधरा महिने पगार कुठून निघतील ते आज रात्री कागदावर मांडा. तो कागद जमला तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

आता प्रोफेसरांचं आमंत्रण. छोटी कंपनी पुढे असली की चांगलं दिसतं, हे खरं, पण कुणाला? मूल्यमापन करणारे स्वतंत्र तज्ज्ञ तीन गोष्टींना गुण देतात: कल्पनेची गुणवत्ता, तिचा परिणाम, आणि अंमलबजावणीची तयारी. प्रत्येकीला ५ गुण. प्रत्येकीत निदान ३ आणि एकूण १५ पैकी निदान १० हवेत. ते १० म्हणजे फक्त उंबरठा. पैसे मिळतात ते बहुधा त्याच्या बरेच वरचे गुण घेणाऱ्यांना. कोऑर्डिनेटर छोटी कंपनी असल्याचा रकाना ह्यात कुठेच नाही. उलट तिसऱ्या निकषात तज्ज्ञ नेमकं हेच विचारतील की सहा माणसांची कंपनी १२ संस्थांचा कारभार कसा हाकणार.

आणि तो कारभार काय असतो ते ऐका. आयोग सगळे पैसे कोऑर्डिनेटरच्या खात्यात टाकतो, तिथून ते बाकीच्या अकरांना वाटायचे. बहुधा दर दीड वर्षानं सगळ्यांचे खर्चाचे आणि कामाचे अहवाल गोळा करायचे, चुकलेले परत पाठवायचे, ब्रुसेल्सच्या प्रकल्प अधिकाऱ्याच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. एखाद्या भागीदारानं मधेच अंग काढून घेतलं तर त्याचं काम कोण करणार ते ठरवून करारात दुरुस्ती करून घ्यायची. त्याच्या पैशांची देणी त्याची त्याच्याकडे राहतात, पण तांत्रिक काम पूर्ण करण्याची जबाबदारी सगळ्यांची मिळून असते. हे समन्वयाचं काम एखाद्या खासगी फर्मकडे सोपवून मोकळं होता येत नाही. ती पळवाट करारानंच बंद केली आहे. विद्यापीठासारख्या संस्थांना थोडी सूट आहे, तुमच्यासारख्या कंपनीला नाही.

शिवाय एक आकडा बघा. मागितलेलं अनुदान ५ लाख युरो किंवा त्याहून जास्त असलं की कोऑर्डिनेटरच्या आर्थिक ताकदीची तपासणी होते. सार्वजनिक संस्था त्यातून सुटतात. तुम्ही मागणार ७० लाख. सहा माणसांच्या कंपनीचा ताळेबंद समोर ठेवला तर आयोग आगाऊ रकमेचे तुकडे पाडायला सांगू शकतो, जादा अटी घालू शकतो, कोऑर्डिनेटर बदला असंही सांगू शकतो. ह्या घोळात कन्सॉर्शियमचे दोन महिने गेले, की चांगलं दिसणं बाजूलाच राहतं.

मग प्रोफेसर हे तुमच्या गळ्यात का घालत आहेत? माझा तर्क असा की त्यांच्या विभागात आधीच असे प्रकल्प चालू आहेत आणि आणखी एकाची कारकुनी त्यांना नकोय. त्यांना दोष देत नाही. पण एक गणित त्यांच्याशी उघडपणे बोला. इनोव्हेशन ॲक्शनमध्ये ना-नफा संस्थेला पात्र, म्हणजे अनुदानात धरता येणाऱ्या, खर्चाच्या १०० टक्के मिळतात आणि नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला ७०. म्हणजे समन्वयाचा जो तास विद्यापीठाला फुकट पडतो, तोच तास तुम्हाला ३० टक्क्यांना पडतो. त्यांच्याकडे हे काम रोज करणारं प्रकल्प कार्यालय आहे. तुमच्याकडे तुम्ही आहात.

ह्या ३० टक्क्यांपाशी जरा थांबू, कारण पत्रात तुम्ही अनुदानाचा उल्लेख ‘मिळणारे पैसे’ असा केला आहे. समजा प्रकल्पात तुमचा थेट खर्च, म्हणजे पगार, उपकरणं, प्रवास, ४ लाख युरो आहे. त्यावर जागा, वीज, हिशेबनीस वगैरेंसाठी सरसकट २५ टक्के धरतात, म्हणजे आणखी १ लाख. झाले ५ लाख. त्याचे ७० टक्के, ३,५०,०००. थेट खर्च ४ लाख आणि हातात साडेतीन. उरलेले ५०,००० आणि जागा-विजेचा खरा खर्च तुम्हीच काढायचा. साडेतीन लाखही एकदम येत नाहीत. सुरुवातीला आगाऊ रक्कम येते, तिच्यातून एकूण अनुदानाच्या ५ ते ८ टक्के सामायिक विमा निधीत कापून ठेवतात. मधले हप्ते अहवाल मंजूर झाल्यावर येतात आणि शेवटचे साधारण १० टक्के प्रकल्प संपून शेवटचा अहवाल पास झाल्यावर. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एखाद्या महिन्यात कामं सगळी चालू, अहवाल तपासणीत आणि खातं रिकामं, अशी वेळ येतेच. त्या महिन्यासाठी बँकेशी आधी बोलून ठेवा.

कॉल ‘लम्प सम’ पद्धतीचा आहे का, तेही बघा. अलीकडे तसे कॉल बरेच निघतात. त्यात कुणी किती दिवस काम केलं, कुठलं बिल लावलं ह्याचा हिशेब आयोग मागत नाही, कामाचं पॅकेज, म्हणजे प्रकल्पाचा वाटून घेतलेला एक भाग, पूर्ण झालं की ठरलेली रक्कम मिळते. छोट्या कंपनीला हे सोयीचं. पण पॅकेज अपुरं राहिलं तर त्याचे पैसे अडकतात, आणि त्याच पॅकेजमधला एखादा भागीदार रेंगाळला तर त्याच्याबरोबर तुमचेही. म्हणून आपण कुणाच्या पॅकेजमध्ये बसतोय ते निवडून घ्या.

जितके देश जास्त तितके गुण जास्त, हे खरं नाही. नियम सांगतो किमान तीन स्वतंत्र संस्था, तीन वेगळ्या देशांतल्या, त्यांतली निदान एक युरोपीय संघाच्या सदस्य देशातली. बाकीचे सदस्य किंवा संलग्न (संघाबाहेरच्या पण करारानं कार्यक्रमात सामील) देशांतले चालतात, आणि २०२४ पासून ब्रिटनही संलग्न आहे. तीनाचे बारा कशासाठी होतात? बऱ्याचदा कुणाला नाही म्हणायचं राहून जातं म्हणून. तज्ज्ञ प्रत्येक नावापुढे एकच शंका काढतात: हा नसला तर काय अडेल? तुमच्या यादीतल्या बारांना हा प्रश्न लावा. आणि पहिला स्वतःला लावा.

तुमच्या बाबतीत उत्तर चांगलं आहे, पण ते तुम्ही पत्रात सरळ मांडलेलं नाही. उत्तर म्हणून ‘आमचं तंत्रज्ञान अभिनव आहे’ एवढंच आहे. त्या वाक्यानं काही होत नाही, ते प्रत्येक प्रपोजलात असतं. तुम्हाला जे माहीत आहे ते लिहा: सुती कापडाच्या रिॲक्टिव्ह डाइंगमध्ये (रंग धाग्याशी रासायनिक रीतीनं जोडण्याच्या पद्धतीत) मीठ भरपूर लागतं. रंगाचं पहिलं पाणी मिठानं आणि न चिकटलेल्या रंगानं भरलेलं असतं, पहिली धुणीही तशीच, पण शेवटची धुणी त्या मानानं स्वच्छ असतात. बहुतेक ठिकाणी ती सगळी एकाच गटारात जातात आणि मग एकत्र शुद्ध करावी लागतात. तुमचा सेन्सर पाणी तिथेच वेगळं काढतो. आवे खोऱ्यातल्या युनिटमध्ये किती पाणी परत मशीनला गेलं, कुठल्या शेडला अंदाज चुकला, गडद काळ्यानं काय केलं, हे आकडे तुमच्याकडे आहेत. तिथल्या डाइंग मास्टरनं पहिले काही दिवस सेन्सरवर विश्वास न ठेवता हातानं नमुने घेतले, हेही तुम्ही जाता जाता लिहिलं आहे. ते प्रपोजलात जाऊ द्या. ‘परिणाम’ ह्या निकषाला असंच काहीतरी लागतं: यंत्र बसवल्यावर माणसं ते वापरतील का.

कॉलचा मजकूर पुन्हा नीट वाचा, अपेक्षित फलितं ह्या भागापासून. तुमच्या कल्पनेसाठी आयोगानं पैसे ठेवलेले नाहीत. आयोगाला एक प्रश्न सोडवून हवा आहे, त्याच्यासाठी ठेवले आहेत. तिथे पाण्याचा पुनर्वापर लिहिलेला असेल तर तुम्ही मधोमध आहात. कापडाचा पुनर्वापर लिहिलेला असेल तर तुम्हाला ओढून-ताणून बसवलं जातंय, आणि ते वाचणाऱ्याला दुसऱ्या पानावर कळतं. मग कॉर्डिस हा आयोगाचा ऑनलाइन संग्रह उघडा. आजवर पैसे मिळालेले सगळे प्रकल्प तिथे फुकट बघता येतात. ‘टेक्स्टाइल’ आणि ‘वेस्टवॉटर’ शोधा. आपल्यासारखं काम कुणी आधीच केलंय का, कुठल्या संस्था पुन्हा पुन्हा कोऑर्डिनेटर असतात, हे एका संध्याकाळी कळतं. आपल्या प्रोफेसरांचं नावही शोधा, बिचकू नका.

सल्लागाराबद्दल. ते वाईटच असतात असं नाही. कामाचा आराखडा, बजेटाचे तक्ते, भाषेची सफाई ह्यात चांगला माणूस उपयोगी पडतो. पण तुमच्या करारात ‘मंजूर रकमेच्या ५ टक्के’ असं आहे. कुणाला मंजूर झालेल्या रकमेच्या? सगळ्या कन्सॉर्शियमच्या ७० लाखांचे ५ टक्के म्हणजे ३,५०,०००. वर काढलेला तुमचा पूर्ण हिस्सा! आणि प्रपोजल लिहिण्याचा खर्च अनुदानातून वसूल करता येत नाही, प्रकल्प सुरू होण्याआधीचा खर्च पात्रच धरत नाहीत. म्हणजे ही रक्कम तुमच्या घरातून. सल्लागार घ्यायचाच तर कन्सॉर्शियमनं मिळून घ्यावा, ठरावीक फीवर, आणि तांत्रिक भाग तुमच्या हातचा असावा. त्याआधी फुकटची मदत संपवा. प्रत्येक देशात ह्या कार्यक्रमासाठी राष्ट्रीय संपर्क अधिकारी असतात. नेदरलँड्समध्ये ते आरव्हीओ ह्या सरकारी संस्थेत बसतात. एका पानाचा सारांश पाठवलात तर तुमची कल्पना ह्या कॉलमध्ये बसते का, ते स्पष्ट सांगतात. पुढच्या खेपेसाठी आणखी एक करा: आयोगाकडे मूल्यमापक तज्ज्ञ म्हणून नाव नोंदवा. कंपनीतल्या माणसांना ते बोलावतात, मानधन देतात, आणि दुसऱ्यांची प्रपोजलं वाचली की आपल्यातलं काय कंटाळवाणं आहे ते आपोआप दिसू लागतं.

आता दादा. पत्रात सगळ्यांत कमी ओळी त्याच्यावर आहेत, पण मला वाटतं रात्री झोप लागत नाही ती त्याच्यामुळे.

नियम आधी. भारतातली संस्था होरायझन युरोपच्या प्रकल्पात सामील होऊ शकते, पण तिला पैसे आपोआप मिळत नाहीत. ज्या गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांना ते मिळतात, त्या यादीत भारत नाही. अपवाद म्हणून, तिच्यावाचून प्रकल्प होऊच शकत नाही असं आयोगाला पटलं तर गोष्ट वेगळी. दादाचं प्रोसेस हाउस बिनपैशाचा सहयोगी भागीदार म्हणून येऊ शकतं, पण यंत्रणेचा खर्च त्याचा त्यालाच करावा लागेल. ‘मग माझ्या बजेटमधून त्याला कंत्राट देते’ असं मनात आलं असेल तर ते तिथेच सोडा. कंत्राट सर्वांत योग्य दर आणि दर्जा बघून द्यायचं असतं, आणि नात्यातला संबंध हा हितसंबंधांचा संघर्ष ठरतो असं करारातच म्हटलं आहे. शेवटचा हप्ता मिळाल्यावरही दोन वर्षांपर्यंत ऑडिट होऊ शकतं. त्यात हे निघालं तर तुम्ही दोघंही अडचणीत.

दुसरी वाट आहे, लांबची पण सरळ. भारत आणि युरोपीय संघ यांच्यात २००१ पासून विज्ञान-तंत्रज्ञान सहकार्याचा करार आहे. त्यातून अधूनमधून जोडकॉल निघतात, युरोपच्या बाजूचे पैसे आयोग देतो आणि भारतीय बाजूचे भारत सरकारचे विभाग. होरायझन युरोपच्या आधीच्या, होरायझन २०२० ह्या कार्यक्रमाच्या काळात पाण्यावर असा कॉल निघाला होता. त्यातूनच कानपूर आणि दिल्लीतल्या सांडपाण्यावर काम करणारा ‘पवित्र गंगा’ प्रकल्प उभा राहिला. असा पुढचा कॉल येईल तेव्हा पंचगंगेच्या काठचं एक चालू प्रोसेस हाउस आणि आवे खोऱ्यात तपासून घेतलेला सेन्सर ही जोडी कुणालाही हेवा वाटावा अशी असेल. पण तोवर दादाला फोनवर, शक्यतो वहिनी शेजारी असताना, सांगून टाका: ‘दादा, ह्या वेळी तुझ्याकडे यातलं काही येणार नाही. का ते सांगते.’ त्यानं दिलेले पैसे कर्ज होते की भागभांडवल, तेही ह्याच महिन्यात दोघांच्या सहीनं कागदावर आणा. घरातल्या घरात चालून गेलं असेल, पण उद्या कंपनीचा ताळेबंद कुणी उघडला तर पहिलं बोट त्याच ओळीवर ठेवलं जाईल.

कुठल्याही कन्सॉर्शियममध्ये सही करण्याआधी एक गोष्ट मात्र विसरू नका. भागीदारांचा आपसांतला करार असतो, बहुतेक जण डेस्का नावाचा तयार नमुना वापरतात. त्यात प्रत्येकानं सोबत आणलेलं ज्ञान नोंदवायचं असतं. प्रकल्पाच्या कामापुरतं ते एकमेकांना फुकट वापरू द्यावं लागतं, वेगळं आधी ठरवलं नसेल तर. तुमच्या सेन्सरमागचा जो प्रोग्राम पाण्याची प्रत ओळखतो, तोच तुमची सगळी कमाई. त्याचा सोर्स कोड द्यायचा नाही, फक्त निकाल द्यायचा, अशी मर्यादा अनुदानाच्या करारावर सही होण्याआधी लिहून घ्या. एखादा मोठा यंत्र उत्पादक कन्सॉर्शियममध्ये असेल तर हे दुप्पट खरं.

ह्या आठवड्यात प्रोफेसरांना असं काहीसं लिहा: कोऑर्डिनेटर आपलं विद्यापीठ असावं, आम्ही प्रत्यक्ष प्रात्यक्षिकाच्या पॅकेजचं नेतृत्व करू, आवे खोऱ्यातलं युनिट आणि तिथले आकडे आम्ही आणू, आमचा खर्च सुमारे इतका. ते हो म्हणाले तर अडीच महिने पुरेसे आहेत. अर्ज मात्र शेवटच्या दिवसावर टाकू नका, पोर्टल ब्रुसेल्सच्या वेळेनुसार संध्याकाळी ५ च्या ठोक्याला बंद होतं. ठरलेल्या पानांच्या पुढे लिहिलंत तर जादा पानं तज्ज्ञांना दिसतच नाहीत.

ते नाही म्हणाले तर आवे खोऱ्यातल्या डाइंगवाल्यांना फोन करा आणि युरोस्टार्स ह्या छोट्या कंपन्यांसाठीच्या अनुदान कार्यक्रमाकडे वळा. तिथे दोन देशांतल्या दोन संस्था पुरतात, प्रकल्प जास्तीत जास्त तीन वर्षांचा, वर्षातून दोनदा अर्ज घेतात आणि तुमच्या वाट्याचे पैसे आरव्हीओमार्फत येतात. एका भागीदाराचा वाटा ७० टक्क्यांच्या वर जाता कामा नये, एवढं सांभाळा. आणि तिथे पुढाकार छोट्या नावीन्यशील कंपनीनंच घ्यावा असा नियमच आहे, तेव्हा तिथे कोऑर्डिनेटर बेलाशक तुम्हीच व्हा.